रंग फिरला म्हणून रोप उपटू नका, आधी रंग झाडावर नेमका कुठं फिरला ते बघा

वर्षातून दोन वेळा माझा फोन फुलांच्या फोटोंनी भरतो, एकदा दसऱ्याच्या आधी आणि एकदा होळी झाल्यावर. दसऱ्याआधी झेंडूवाले, होळीनंतर कुंडीवाले. फोटोखाली प्रश्न ठरलेला, "सर, फुलाचा रंग फिरला, काय टाकू?" मी परभणीत ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो आणि गावाकडं गंगाखेडच्या अलीकडं धाकट्या भावाची झेंडू-शेवंती असते, म्हणून लोकांना वाटतं ह्यांना दोन्हीकडचं माहीत असणार. तर ह्यावेळी एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवायलोय.

पहिली गोष्ट, काहीही टाकू नका. निदान चार दिवस तरी. फुलाचा रंग फिरला की माणसं दुकानात जाऊन मायक्रोन्यूट्रिएंट आणतात, कोणी तुरटी टाकतं, कोणी ताक टाकतं, आणि रंग खताच्या कमतरतेनं फिरायचं प्रमाण इतकं कमी आहे की शंभरातले नव्वद जण उगंच पैसे घालवायलेत असं मला माझ्यापुरतं वाटतं. त्याऐवजी झाडासमोर उभं राहून बघायचं की रंग फिरला तो कुठं. अख्ख्या झाडाचा फिरला का? एकाच फांदीचा फिरला का, आणि ती फांदी मातीजवळून निघाली की वरून? एकाच फुलातल्या अर्ध्या पाकळीचा फिरला का? का सगळ्याच फुलांचा हळूहळू, ऊन वाढलं तसा?

हे का विचारायचं ते सांगतो, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे. झाडाच्या प्रत्येक शेंड्यात थोड्याशा पेशी असतात ज्या सारख्या दुभंगत राहतात आणि त्यांच्याच लेकरांपासून पानं, फांद्या, कळ्या बनतात. एखाद्या पेशीत बदल झाला की तिच्या पोटच्या सगळ्या पेशी तो बदल घेऊन येतात. बदल बियातच असला तर अख्खं झाड वेगळं, फांदीच्या डोळ्यात (कोंब फुटतो त्या जागी) झाला तर ती फांदी वेगळी, कळी बनताना झाला तर पाकळीचा एक पट्टा, आणि अगदी शेवटी शेवटी झाला तर नुसता ठिपका. म्हणजे रंगाचा डाग जेवढा मोठा तेवढा तो बदल जुना. वंशावळीत कुठल्या पिढीत काय झालं हे जसं भावकीकडं बघून कळतं तसंच.

आता अख्खं झाड. हे मी स्वतः भोगलंय. तीन वर्षांखाली भावानं हायब्रीड नारंगी झेंडू लावला होता, फुलं अशी की एक एक मुठीएवढं, दसऱ्याला चांगला भाव मिळाला. हायब्रीडचं बी दाण्याच्या हिशोबानं मिळतं, महाग असतं, म्हणून आम्ही शेवटच्या तोड्याची फुलं झाडावर वाळवून बी धरलं. मीच धरलं, भाऊ नको म्हणत होता. पुढच्या वर्षी अर्ध्या एकरात ते बी लावलं आणि सप्टेंबरात बघतो तर वावरात सगळा मेळ. काही नारंगी, काही पिवळी, काही लिंबू रंगाची, काही बारकी एकेरी, आणि मधीमधी अशी झाडं की बोंड फुगलंय पण पाकळीच नाही, नुसता हिरवा-पिवळा गोंडा. आडतीवर माल नेला तर "मिक्स आहे" म्हणून भाव निम्म्यावर आला. भाऊ काही बोलला नाही, पण त्या दिवशी टेम्पोतून परत येताना मला लई वाईट वाटलं, कारण मी वर्गात पोरांना दरवर्षी मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम शिकवतो आणि स्वतःच्या वावरात विसरलो.

झालं काय ते बघा. हायब्रीड बी म्हणजे दोन ठरलेल्या, पिढ्यानपिढ्या एकसारख्या ठेवलेल्या आईबापांचा पहिला संकर, त्याला एफ-१ म्हणतात. ह्या पहिल्या पिढीतलं प्रत्येक रोप एकसारखं कारण प्रत्येकाला आईकडून तेच आणि बापाकडून तेच मिळालंय. पण ह्या एफ-१ नं स्वतः बी धरलं की प्रत्येक बीजपेशीत आईबापाचे गुण वेगवेगळ्या मेळानं वाटले जातात. मेंडेलनं वाटाण्यावरचं काम १८६६ मध्ये छापलं त्यात हेच आहे, दबलेला गुण दुसऱ्या पिढीत चौथ्या हिश्श्यात परत वर येतो. आणि ती बिनपाकळीची झाडं? झेंडूचं हायब्रीड बी बनवताना बऱ्याच वेळा मादी म्हणून अशी ओळ वापरतात जिच्या फुलाला पाकळी नसते आणि पराग होतच नाही, म्हणजे हातानं नर काढत बसायला नको. हा गुण दबून राहणारा आहे, त्यामुळं एफ-१ मध्ये दिसत नाही आणि आपण बी धरलं की हिशोबानं चारात एक झाड तसं निघतं. आपल्या जालन्याकडं कपाशीच्या सीड प्लॉटवर बाया सकाळ-संध्याकाळ हातानं क्रॉसिंग करतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. हायब्रीड कपाशीची सरकी परत पेरायची नाही हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पण झेंडूच्या वेळी तेच डोकं चालत नाही कारण फुलाचं बी हाताला सहज येतं.

ह्याच्यावर उपाय काय. घरचं बी धरायचंच असलं तर हायब्रीड नाही, सरळ वाण लावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा नारंगी गेंदा आणि पुसा बसंती गेंदा हे दोन वाण आहेत, एक नारंगी आणि एक पिवळा, ह्यांचं बी धरता येतं. पण शेजारी दुसरा झेंडू असला तर मधमाशा मेळ करणारच, म्हणून बियासाठी वावराच्या मधली झाडं ठेवा आणि वेगळ्या रंगाचं झाड पहिलं फूल उमलताच उपटा, फुलं भरल्यावर नाही. दुसरा रस्ता म्हणजे छाट कलम. आपण शेंडा खुडतोच, तो खुडलेला कोवळा शेंडा चार-पाच पानांचा कोकोपीटच्या ट्रेमध्ये सावलीत खोचला तर दहा-पंधरा दिवसांत मुळ्या धरतो. त्यात बी नाही, वाटणी नाही, त्याच झाडाच्या पेशी पुढं चालू राहतात, म्हणून रंग तोच. फक्त मायझाड निरोगी पाहिजे, करपा असलेल्या झाडाचा शेंडा घेतला तर करपा पण सोबत येतो.

आणि काहींचा उलटा प्रश्न असतो, "सर, ह्याला बीच धरत नाही, कंपनीनं फसवलं." मोठा आफ्रिकन झेंडू २४ गुणसूत्रांचा आणि बुटका फ्रेंच झेंडू ४८ गुणसूत्रांचा. (नावात आफ्रिकन-फ्रेंच असलं तरी दोघंही मूळचे मेक्सिकोकडचे.) ह्या दोघांचा संकर केला की ३६ गुणसूत्रांचं झाड होतं, म्हणजे तिप्पट संच. बीजपेशी बनताना गुणसूत्रांना जोडीदार लागतो, इथं प्रत्येक ठिकाणी तिसरा एकटा राहतो, जोड्या बसत नाहीत, म्हणून बी धरत नाही. घोडा आणि गाढवाचं खेचर होतं तसंच हे. पण बी धरायची ताकद वाचते म्हणून अशी झाडं फुलत राहतात, ऊन असलं तरी. फसवणूक नाही ती, उलट हाराच्या फुलासाठी चांगलं.

पिटुनियावाल्यांचं वेगळं असतं. लातूरहून एका काकूंचा फोन होता, गेल्या हिवाळ्यात गडद जांभळा पिटुनिया होता, ह्यावर्षी त्याच कुंडीत फिक्कट गुलाबी-पांढरा आलाय, बारीक फुलाचा. मी विचारलं काकू, मे महिन्यात झाड हिरवं होतं का? "छे हो, वाळून गेलं होतं, मग दिवाळीला आपोआप फुटलं." ते फुटलं नाही काकू, ते मेलं. जे उगवलं ते त्याचं खाली सांडलेलं बी. बाजारातले पिटुनिया बहुतेक हायब्रीड, म्हणजे झेंडूचीच गोष्ट कुंडीत झाली. झाड तेच आहे का त्याचं लेकरू आहे हे आधी ठरवा, बुडाशी जुनं लाकूड दिसतं का बघा.

पिटुनियात अजून एक आहे, जांभळ्यावर पांढरी चांदणी असलेली जात. हिच्यात चांदणीचा आकार फुलाफुलाला बदलतो, कधी पांढरं जास्त, कधी जवळपास सगळं जांभळं. हा बिघाड नाही. पांढऱ्या पट्ट्यातल्या पेशींमध्ये रंग बनवायचं जनुक आहेच, पण पेशी त्याचा निरोप वाटेतच तुकडे करून टाकते. हे कळलं कसं त्याची गोष्ट मला लई आवडते. १९९० मध्ये अमेरिकेत नेपोली आणि जॉर्गेनसेन ह्यांच्या गटानं पिटुनिया अजून गडद करायला रंगाच्या जनुकाची जादा प्रत आत घातली, आणि फुलं निघाली पांढरी. जादा दिलं तर मूळचं पण बंद पडलं. पुढं १९९८ ला फायर आणि मेलो ह्यांनी एका बारीक किड्यात ही निरोप तोडायची पद्धत उलगडली आणि २००६ ला नोबेल मिळालं. चांदणीच्या पिटुनियात हे निसर्गतःच घडतं आणि तापमान-उजेडानं त्याची सीमा पुढंमागं होते. म्हणून दोन आठवडे थांबा, एवढंच.

आता गुलाब. "लाल आणला होता, आता बारकी पांढरी (नाहीतर फिक्कट गुलाबी) फुलं झुबक्यानं यायलीत." इथं मी फुलाचा फोटो मागतच नाही, बुडाचा मागतो. गुलाबाचं कलम म्हणजे खाली रानटी किंवा देशी गुलाबाचा खुंट आणि त्याच्यावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला. डोळा भरलेल्या जागी गाठ असते. त्या गाठीच्या खालून फूट निघाली की ती खुंटाची, तिला खुंटाचीच फुलं येणार. खुंट जोमदार असतो, तो सगळं पाणी-खत ओढतो आणि दोन वर्षांत वरचं लाल उपाशी मरतं. लोक म्हणतात "लालचा पांढरा झाला". झाला नाही, लाल मेला आणि पांढरा मोठा झाला. सात पानं म्हणजे जंगली आणि पाच म्हणजे चांगला, हा नियम पक्का धरू नका, चांगल्या जातींना पण सात पत्र्या येतात. गाठ बघा, माती उकरून बघा. आणि ती फूट कात्रीनं मातीच्या वर कापू नका, बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून चार नव्या येतात. जिथून निघाली तिथपर्यंत उकरा आणि खाली ओढून मुळापासून तोडा. नर्सरीतून रोप आणल्यावर गाठ मातीत गाडू नका, आपल्याकडं लावताना खड्डा भरून काढायच्या नादात हे सर्रास होतं.

पण फूट गाठीच्या वरून निघाली असली आणि तरी रंग वेगळा असला, तर तुमच्याकडं काहीतरी दुर्मिळ आहे, थांबा, कापू नका. बोगनवेलीत हे जास्त दिसतं. एका फांदीला पांढरं, दुसरीला राणी कलर, कधी एकाच झुबक्यात दोन्ही. (तो रंगीत भाग खरं फूल नसतंय, पानासारखी सहपत्रं असतात, फूल मधलं बारकं पांढरं.) 'मेरी पामर' नावाची बोगनवेल ह्याच गुणासाठी लोक लावतात. झाडाच्या शेंड्यात पेशींचे साधारण तीन थर असतात, वरचा थर बहुतेक आडवाच दुभंगतो म्हणून तो कायम कातडी म्हणूनच राहतो, त्याच्या खालचा दुसरा, आणि आत तिसरा. एका थराच्या पेशी एका रंगाच्या आणि दुसऱ्या थराच्या वेगळ्या असल्या तरी झाड खुशाल वाढतं. अशा दोन जातीच्या पेशी एका अंगात नांदणाऱ्या झाडाला कायमेरा म्हणतात, हा शब्द विंकलर ह्या जर्मन शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये टोमॅटो आणि कामोणीचं कलम करताना वापरला. अधूनमधून आतली एखादी पेशी वरच्या थरात घुसते आणि तिथून पुढची फांदी तिच्या रंगाची होते.

ह्याचं सगळ्यात जुनं नावाजलेलं उदाहरण पॅरिसजवळचं. १८२५ च्या सुमारास अ‍ॅडम नावाच्या एका नर्सरीवाल्यानं पिवळ्या फुलाच्या लॅबर्नमवर जांभळ्या फुलाच्या झुडपाचा डोळा भरला, त्यातून असं झाड निघालं की त्याच्यावर कुठं पिवळे घोस, कुठं जांभळी फुलं आणि कुठं दोन्हीमधला मळकट गुलाबी रंग. किती वर्षं लोक हा कलमातून झालेला संकर समजत होते. संकर नव्हताच तो, आत लॅबर्नम आणि वर दुसऱ्याची कातडी. हे झाड आजही कलमानं टिकवतात.

म्हणून कायमेरा झाडाचं काम सोपं आहे पण लक्ष द्यावं लागतं. जो रंग पाहिजे ती फांदी दोऱ्यानं खूण करा आणि छाट किंवा गुटी कलम तिचंच घ्या. नको असलेला रंग जोर करायला लागला की ती फांदी जिथून फुटली तिथून कापा, अर्धी ठेवू नका. आणि मुळाच्या तुकड्यापासून किंवा पानापासून रोप करू नका, कारण तिथं नवा कोंब आतल्या थरातून निघतो आणि कातडीचा रंग मागं राहतो. घरातलं पिवळ्या काठाचं स्नेक प्लँट पानाचे तुकडे करून लावलं की साधं हिरवं का येतं, ह्याचं उत्तर हेच. ते बुडातून फाडून लावायचं.

आता माझं सगळ्यात आवडतं, गुलबक्षी. आमच्या आज्जीच्या अंगणात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली, संध्याकाळी चारनंतर उमलणारी. एका झाडावर पिवळं, राणी, आणि काही फुलं अशी की अर्धं पिवळं, अर्धं राणी, कुणी रेघ मारल्यासारखं. आज्जी म्हणायची देवानं दोन कुंचले वापरलेत. ह्याच्यामागं उड्या मारणारी जनुकं आहेत. रंगाच्या जनुकात दुसरा एक तुकडा येऊन बसतो, जनुक बंद पडतं, फूल पिवळं. वाढताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उडी मारून निघून जातो, जनुक परत चालू, आणि तिथून पुढच्या सगळ्या पेशी राणी रंगाच्या. लवकर निघाला तर अर्धं फूल, उशिरा निघाला तर बारीक ठिपके. बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९४० च्या दशकात मक्याच्या दाण्यावरच्या ठिपक्यांवरून हे ओळखलं, लोकांनी फार मनावर घेतलं नाही, १९८३ ला नोबेल मिळालं तेव्हा त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. मला पोरांना हे सांगताना कायम वाटतं, दाणे तर सगळेच बघत होते.

गुलबक्षीवरच कॉरेन्स ह्या जर्मन शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये अजून एक दाखवलं, पण ते फुलाचं नाही, पानाचं. काही झाडांवर एक फांदी हिरवी, एक पांढरी, एक चट्ट्यापट्ट्याची असते. हिरव्या फांदीच्या फुलाचं बी हिरवी रोपं देतं, पांढऱ्या फांदीचं बी पांढरी रोपं जी लगेच मरतात, आणि पराग कुठल्याही फांदीचा लावला तरी फरक पडत नाही. कारण पानाला हिरवं करणारी हरितलवकं फक्त आईच्या बीजपेशीतून येतात. तर कुठल्या झाडाचं बी एवढंच विचारून भागत नाही, कुठल्या फांदीचं बी हे पण विचारावं लागतं.

आता चौथा प्रकार, सगळ्या फुलांचा रंग हळूहळू उतरला. होळीनंतरचे नव्वद टक्के फोटो हेच. जानेवारीत रक्तासारखा लाल असलेला गुलाब एप्रिलमध्ये धुतलेल्या कापडासारखा, गुलाबी-जांभळी शेवंती राखाडी. ह्या फुलांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन, तो पेशीच्या आतल्या पाण्याच्या पिशवीत साठतो, आणि गरमीत तो कमी बनतो आणि बनलेला पण तुटतो. आपल्याकडं मेमध्ये ४२-४३ अंश जातं, तिथं काय टिकणार. गुलाबाची पाकळी तिरकी फाडून बघा, वरचा आणि खालचा पापुद्रा रंगीत आणि मधला थर जवळपास कोरा, म्हणजे सगळा रंग एका पेशीच्या जाडीच्या कातडीत, ती पण थेट उन्हात. झेंडूचं तसं नाही, त्याचा पिवळा-नारंगी रंग कॅरोटीनॉइड जातीचा, पेशीतल्या वेगळ्या पुड्यांत बांधलेला, तो उन्हाला एवढा घाबरत नाही. म्हणून एकाच गच्चीवर गुलाब फिका आणि झेंडू ठणठणीत असं दिसतं. उपाय म्हणजे दुपारी बारानंतर सावली, शक्यतो पन्नास टक्क्यांची शेडनेट, कुंडीच्या मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन, पाणी सकाळी लवकर. पूर्ण सावलीत नेऊ नका, अँथोसायनिन बनायला उजेड लागतो, तिथं पण फिकाच पडतो. बाकी दिवाळीनंतर तो आपोआप परत येतो.

काही फुलांचा तर वयानुसार रंग बदलतोच. कपाशीचं फूल सकाळी दुधाळ पिवळं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी, हे मराठवाड्यात कुणाला सांगायचं. दारावरची मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल. तो रोग नाही. तरी गेल्यावर्षी एकानं मधुमालतीवर बुरशीनाशक मारलेलं मी बघितलंय.

तुरटीचं. व्हिडिओत हायड्रेंजियाला तुरटी टाकली की गुलाबी फूल निळं होतं, हे खरं आहे, कारण आंबट मातीत अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, मुळातून फुलात जातं आणि रंगाला धरून निळं करतं. पण हे हायड्रेंजियाचं, गुलाब-जास्वंदाचं नाही. पेशीच्या पिशवीतला आंबटपणा पेशी स्वतः सांभाळते, पडद्यातले पंप चालवून. निळ्या मॉर्निंग ग्लोरीची कळी जांभळट लाल असते, उमलताना त्या पिशवीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा वाढला की आंबटपणा कमी) साधारण ६.६ वरून ७.७ वर जातो आणि फूल आकाशी होतं, मातीचा काही संबंध नाही. स्वतः बघायचं असलं तर जास्वंदाच्या पाकळ्या गरम पाण्यात टाका, लिंबू पिळा, लालभडक होतं, दुसऱ्या वाटीत चुन्याची निवळी टाका, हिरवट होतं. बोगनवेल, गुलबक्षी आणि बीट ह्यांचा रंग वेगळ्या कुळातला, बीटालेन, चुना टाकला तर पिवळा पडतो. एका झाडात ही दोन कुळं एकत्र कधीच सापडत नाहीत. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात कुंडीतल्या झाडाला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात, ते दुखणं खरं आहे आणि त्याला चिलेटेड लोह द्यावं लागतं, पण ते पानाचं दुखणं.

बियासाठी ठेवलेलं वावर सोडलं तर एकच बाब अशी आहे जिथं खरंच उपटायचं. पाकळीवर वेड्यावाकड्या तुटक रेघा, सोबत पानावर पण फिकट-गडद चट्टे, पान आकसलेलं, झाड खुरटं. हा व्हायरस, मावा आणि पांढरी माशी पसरवते. १६३० च्या दशकात हॉलंडमध्ये ज्या रेघाळ ट्युलिपसाठी लोकांनी घरंदारं लावली तो पण व्हायरसच होता. पान निरोगी आणि फक्त फुलात रेघा असल्या तर व्हायरस नसायची शक्यता जास्त. पानासकट बिघडलं असलं तर जाळून टाका, त्या झाडाचं कलम करू नका आणि ती कात्री दुसऱ्या झाडाला लावायच्या आधी जंतुनाशकानं पुसून घ्या.

फोटो पाठवणार असाल तर तीन पाठवा, अख्खं झाड, बुड, आणि ज्या फांदीवर रंग फिरला ती निघते ती जागा. तारीख सांगा. झाड बियापासूनचं का कलमाचं ते सांगा. एवढं असलं की मला उत्तर द्यायला पाच मिनिटं लागतात.

आणि एक, ज्यांना बी धरून बघायची हौस आहे त्यांच्यासाठी. बी धरणाऱ्या पेशी शेंड्याच्या दुसऱ्या थरातून येतात. म्हणून नुसत्या कातडीत बदल झालेल्या फांदीचं बी लावलं तर नवा रंग येत नाही, दुसऱ्या थरापर्यंत बदल गेला असेल तर येतो. आज्जीच्या अंगणातल्या गुलबक्षीचा कंद मी परभणीला आणून लावलाय, ह्यावर्षी तिची एक फांदी पूर्ण राणी रंगाची झाली, एक पण पिवळं फूल नाही. तिला लाल दोरा बांधला होता, मिरीसारखं काळं बी वेगळ्या पुडीत जमा केलंय, एकोणीस दाणे आहेत. शेजारच्या पिवळ्या फांदीचे पण एकोणीसच मोजून ठेवलेत. मृगाचा पाऊस पडला की दोन ओळीत लावणार, आणि संध्याकाळी कुठली ओळ कुठल्या रंगात उमलते ते बघायला वर्गातली पोरं यायलीत.